फुगा वर गेला, पुढे काय?

प्रिय ताई,

मी कोपरखैरणेला राहते. सहा वर्षांपूर्वी मिस्टरांची नोकरी गेली, तेव्हा घरातूनच फुग्यांच्या डेकोरेशनचं काम सुरू केलं. बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण, दुकानाचं उद्घाटन, सगळं करते. आता हाताखाली दोन मुली आहेत. येत्या २६ जानेवारीसाठी नेरूळच्या एका मोठ्या सोसायटीची ऑर्डर आली आहे. झेंडावंदन झालं की गॅसचे पाचशे तिरंगी फुगे एकदम आकाशात सोडायचे. एवढी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदाच मिळाली आहे आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स घेऊन बसले आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. रिबनी कापायला बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, हे सगळे जातात कुठे?" मी म्हटलं, वर जाऊन फुटतात आणि विरघळतात, पाकिटावर बायोडिग्रेडेबल लिहिलंय. तर म्हणते कशी, "म्हणजे तू आभाळात कचरा टाकतेस." मी खूप रागावले. तिच्या क्लासची फी याच फुग्यांतून भरते हो. तेव्हापासून ती मदतीला येत नाही आणि मला रात्री झोप लागत नाही. खरंच काय होतं त्या फुग्यांचं? ऑर्डर परत करू का? आणि पोरीशी काय बोलू?

— एक वाचक, कोपरखैरणे

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या मुलीचा प्रश्न मला तीसेक वर्षांपूर्वी एका सहावीतल्या मुलाने विचारला होता. तेव्हा मी ठाण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळेचा वर्धापनदिन होता आणि प्रत्येक फुग्याला शाळेच्या नावाचं कार्ड बांधून आम्ही मैदानातून फुगे सोडले होते. "बाई, हे आता कुठं जाणार?" मी म्हटलं, "उंच जातील आणि विरून जातील." चार-पाच दिवसांनी तो मुलगा तास सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलाशी आला. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर होतं. त्याने खिशातून एक चिंधी झालेला लाल फुगा काढला. त्याला रिबन होती आणि रिबनीला शाळेचं कार्ड. एका झुडपात अडकला होता म्हणे. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि धडा शिकवायला सुरुवात केली. त्याला दुसरं उत्तर मी कधीच दिलं नाही. ते मला आजही टोचतं. म्हणून तुम्हाला जे सांगणार आहे, ते नीट माहिती घेऊन आणि पूर्ण सांगणार आहे.

तुमच्या रोजच्या वापरातला अकरा इंची फुगा घ्या. त्यात साधारण चौदा लिटर गॅस मावतो. तेवढ्याच जागेतली हवा तोलली तर ती सतरा ग्रॅमच्या आसपास भरेल आणि हेलियम जेमतेम सव्वादोन ग्रॅम. फुग्याचं रबर तीनेक ग्रॅमचं धरलं तरी अकरा-बारा ग्रॅमांची उचल उरते. बादलीत दाबून धरलेली रिकामी बाटली हात काढला की उसळून वर येते ना, अगदी तसाच फुगा हवेतून वर जातो. सेकंदाला दोन-अडीच मीटर, म्हणजे बाराव्या मजल्याची गच्ची पंधरा-वीस सेकंदांत मागे पडते.

पुष्कळांना वाटतं की वर हवा विरळ झाली की फुगा आपोआप थांबेल आणि तिथेच कुठेतरी तरंगत राहील. तसं होत नाही. बाहेरचा दाब कमी होत जातो तसा आतला गॅस पसरतो आणि फुगा मोठा होतो. हवा विरळ होते, पण फुगा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे उचल जवळजवळ तेवढीच राहते. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा असतो. रबर ताणत ताणत जातं आणि शेवटी त्याची ताकद संपते. नीट भरलेला फुगा साधारण आठ किलोमीटरच्या आसपास फुटतो असं फुगे बनवणारे सांगतात. ती उंची एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा थोडीच कमी आहे. इथवर पोचायला त्याला तासभर लागतो.

फुटल्यावर त्याच्या बारीक शेवयांसारख्या चिरफळ्या होऊ शकतात हे खरं आहे. तुम्हीही पाहिलं असेल, अर्धवट फुगलेल्या फुग्याला टाचणी लावली तर त्याचे दोन-तीन मोठे तुकडे होतात आणि काठोकाठ भरलेला फुगा फुटला की फाटून चिंध्या होतात. पण शेवया झाल्या म्हणजे रबर नाहीसं झालं असं नाही. ते तीन ग्रॅम रबर आणि ती रिबन खालीच येणार.

कुठे येणार, ते त्या दिवशीचा वारा ठरवतो. जानेवारीत आपल्याकडे उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तासाभराच्या प्रवासात ते फुग्याला पन्नास-साठ किलोमीटर सहज ओढून नेतात. नेरूळहून पूर्वेला तेवढं अंतर मोजलं तर कर्जत, मुरबाड, भीमाशंकरचे डोंगर येतात. म्हणजे तुमच्या फुग्याचे अवशेष कुणाच्या तरी वालाच्या शेतात नाहीतर अंगणात रचून ठेवलेल्या पेंढ्यावर पडतील. पेंढा खाणाऱ्या म्हशीला त्यातली रिबन वेगळी काढता येत नाही.

आणि हे झालं वरपर्यंत पोचणाऱ्या फुग्यांचं. पाचशे फुगे भरायचे म्हणजे तुमच्या हाताखालच्या मुली पहाटे चारपासून पंपाला लागणार. काही फुगे कमी भरले जातील, काहींची गाठ सैल राहील, चार-पाच एकमेकांत गुंततील, काही पहाटे भरून नऊ वाजेपर्यंत निम्मे ढिले होतील. रबराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि हेलियमचे अणू इतके लहान असतात की ते त्यातून सतत झिरपत राहतात. अकरा इंची फुगा बारा ते चोवीस तासांत उतरतो हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. असे अशक्त फुगे फार वर जात नाहीत. ते अख्खेच्या अख्खे, रिबनीसकट, जवळपासच उतरतात.

हिवाळ्यातल्या सकाळी आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो. शाळेत आपण त्यांना मतलई वारे म्हणायचो. दुपारी उलट, समुद्रावरून खारे वारे येतात. झेंडावंदन सकाळी. म्हणजे नेरूळहून निघालेला अशक्त फुगा पश्चिमेला ढकलला जाणार, आणि नेरूळच्या पश्चिमेला काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. खाडी. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. ओहोटीच्या वेळी ऐरोलीला किंवा सीवूड्सच्या पाणथळीवर जाऊन पाहा, त्या मुळांना काय काय गुंडाळलेलं असतं. ठाणे खाडीचा भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. जानेवारीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, तिथेच असतात. रोहित फुगे गिळतील असं म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही, त्यांची चोच गाळणीसारखी असते आणि ते बारीक शेवाळ व पाण्यातले छोटे जीव गाळून खातात. पण चिखलात दिवसभर उभ्या असणाऱ्या लांब पायांना प्लास्टिकच्या रिबनीचा फास बसायला वेळ लागत नाही.

आता तुमच्या पाकिटावरचा तो शब्द. फुग्याचं रबर झाडाच्या चिकापासून बनतं, त्यामुळे कंपन्या ते कुजतं असं लिहितात. पण नुसत्या चिकाचा फुगा होत नाही. त्यात गंधक घालून तो तापवतात, रंग घालतात, टिकाऊपणासाठी आणखी रसायनं घालतात. केरळातल्या मळ्यात झाडाला लावलेल्या वाटीत जमणारा चीक आणि तुमच्या हातातला केशरी फुगा यांत हा सगळा कारखाना आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठातल्या मॉर्गन गिलमोर आणि जेनिफर लेव्हर्स यांनी असेच फुगे गोड्या पाण्यात, समुद्राच्या पाण्यात आणि कंपोस्ट खतात सोळा आठवडे ठेवून पाहिले. चार महिने होत आले तरी फुगे फुगेच होते. कधीतरी कुजतील, पण तोवर ते पाण्यावर तरंगणार, उन्हाने फिके पडणार, आणि एखाद्या कासवाला किंवा पक्ष्याला खाण्यासारखे दिसणार. तुम्ही मुलीला जे सांगितलंत ते पाकिटावर छापलेलं होतं. त्यात तुमची लबाडी नव्हती, हे आधी स्वतःला सांगा.

मऊ रबर का वाईट, हेही ऐका. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी मेलेल्या १,७३३ समुद्रपक्ष्यांची पोटं तपासून २०१९मध्ये निष्कर्ष मांडला की पक्ष्याने फुग्याचा तुकडा गिळला तर तो मरण्याची शक्यता कठीण प्लास्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा ३२ पट जास्त असते. बाटलीच्या झाकणाचा तुकडा निदान पुढे सरकू शकतो. मऊ रबर आतड्याच्या वळणात जाऊन बुचासारखं बसतं. आपल्या कोकणात वेळास, आंजर्ल्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. समुद्री कासवांच्या पोटात फुग्यांचे अवशेष जगात अनेक ठिकाणी सापडले आहेत. पाण्यात तरंगणारी रबराची चिंधी आणि जेलीफिश यांत कासवाला फरक करता येत नाही.

फॉइलच्या फुग्यांचं वेगळं. ते तुम्ही या ऑर्डरला वापरणार नसाल, पण बाकीच्या ऑर्डरींना आकडे आणि हृदयं वापरत असणारच. ते प्लास्टिकच्या पातळ कागदावर ॲल्युमिनियमचा थर दिलेले असतात. ते कुजत नाहीत, ताणत नाहीत आणि वीज वाहून नेतात. कोपरखैरणे स्टेशनवरून जाणाऱ्या ट्रान्स हार्बर मार्गाच्या वायरीत २५,००० व्होल्ट असतात. सुटलेला एक चकचकीत आकडा तिथे अडकला तर ठिणगी उडून गाड्या थांबू शकतात. म्हणून फॉइलच्या फुग्याला नेहमी खाली वजन बांधा आणि उघड्यावरच्या कार्यक्रमाला तो गॅसने भरूच नका, काठीवर हवा भरून लावा. काठी मात्र प्लास्टिकची नको. १ जुलै २०२२पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत. फुगा मात्र त्या यादीत नाही. मला ते नेहमी अपुरं वाटत आलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १ जुलै २०२४पासून मुद्दाम फुगे सोडण्यावरच बंदी घातली.

तुमच्या सोसायटीच्या कमिटीला एक गोष्ट जरूर सांगा. २७ सप्टेंबर १९८६ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका धर्मादाय संस्थेने निधी गोळा करायला जवळजवळ पंधरा लाख फुगे एकाच वेळी सोडले. मोठी इमारतच वाटावी असा सांगाडा उभारून त्यावर जाळं ताणलं होतं आणि शेकडो शाळकरी मुलांनी तासन्‌तास बसून फुगे भरले होते. विश्वविक्रम झाला. पण पाऊस आणि थंड वारा समोरून येत होता. फुगे वर जाऊन फुटण्याआधीच त्याने ते खाली दाबले. रस्त्यावर फुगे, विमानतळाच्या धावपट्टीवर फुगे, ती काही काळ बंद ठेवावी लागली. एका कुरणातले घोडे बिथरून जखमी झाले. आणि त्याच वेळी शहराला लागून असलेल्या इरी सरोवरात दोन मासेमार बेपत्ता होते. त्यांना शोधायला गेलेल्या तटरक्षकांना पाण्यावर माणसाचं डोकं कोणतं आणि फुगा कोणता हे कळेना. ते दोघे नंतर मृत सापडले. फुग्यांमुळेच ते गेले असं मी म्हणणार नाही, पण शोधात अडथळा आला हे नोंदलेलं आहे. पुढे गिनीजने फुगे सोडण्याचे विक्रम नोंदवणंच थांबवलं. ज्यांनी ते भरले त्या मुलांचा त्यात काय दोष होता? त्यांना त्यांच्या मोठ्यांनी सांगितलं होतं की छान दिसेल. दिसलंही छान, पहिली काही मिनिटं.

तुमची ऑर्डर पाचशेची आहे, पंधरा लाखांची नाही, हे मला कळतं. पण नेरूळला एक गोष्ट जास्तीची आहे. पनवेलकडचा नवा विमानतळ २५ डिसेंबर २०२५पासून सुरू झाला आहे. एवढ्या जवळ धावपट्टी असताना पोलीस ठाण्यात लेखी विचारल्याशिवाय कुणीही आकाशात पाचशे वस्तू एकदम सोडू नयेत. कमिटीच्या चेअरमनना हा मुद्दा पक्ष्यांपेक्षा लवकर पटेल.

आता एक अगदी धंद्यातली गोष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या सिलिंडरमध्ये हेलियमच आहे ना? आपल्याकडे जत्रेतले आणि चौपाटीवरचे "गॅसचे फुगे" बहुतेकदा हायड्रोजनचे असतात. कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे जुन्या सिलिंडरमध्ये टाकून तो जागेवरच तयार करतात. त्यात प्रचंड उष्णता निघते, दाब वाढतो आणि सिलिंडर फुटून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. हवेत चार टक्के ते पंचाहत्तर टक्के एवढ्या कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन मिसळला तर एक ठिणगी पुरते. हेलियम पेटत नाही. ते महाग असतं, कारण ते जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या खडकांत कोट्यवधी वर्षांत तयार होतं, नैसर्गिक वायूबरोबर बाहेर काढावं लागतं, आणि आपल्याकडे ते परदेशातून येतं. तेव्हा कुणी फारच स्वस्तात "फुग्यांचा गॅस" देत असेल तर घेऊ नका. परवानाधारक विक्रेत्याकडून, गॅसचं नाव लिहिलेल्या पक्क्या बिलावर घ्या. पेटवून बघायचं तर मनातही आणू नका. आणि हाताखालच्या मुलींना बजावून ठेवा, आवाज बारीक करायला सिलिंडरच्या नळीतून गॅस ओढायचा नाही. हेलियम विषारी नसलं तरी फुप्फुसातला प्राणवायू ते बाहेर ढकलतं. एका दमात माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि नळीतला दाब फुप्फुसं फाडू शकतो.

हेलियमवरून आठवलं, तुमच्या मुलीला सांगा. हा वायू पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आपल्या गुंटूरमध्ये सूर्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगपट्टा, पाहत होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून सूर्याच्या प्रकाशातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली, ती अनोळखी पिवळी रेषा पाहिली. आपल्याकडे लॉकयरना ती विजयदुर्ग किल्ल्यावर दिसली असं सांगतात. ते विजयदुर्गला आले होते हे खरं, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनंतर. आठवीतल्या मुलीला असं बरोबर-चूक तपासायला आवडतं.

तर ऑर्डर. माझं मत स्पष्ट आहे: ऑर्डर परत करू नका, पण फुगे सोडू नका. आजच फोन करा. जितका उशीर कराल तितकं त्यांना ते फसवल्यासारखं वाटेल.

हिशोब आधी करून घ्या, तो तुमच्याच बाजूचा आहे. पाचशे फुगे गुणिले चौदा लिटर म्हणजे सात हजार लिटर. नेहमीचा उंच, सत्तेचाळीस लिटरचा सिलिंडर दीडशे बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दीडशे पट दाबाने, भरलेला असतो, त्यात साधारण एवढाच गॅस असतो. म्हणजे या ऑर्डरचा एक अख्खा सिलिंडर, त्याचं डिपॉझिट आणि टेम्पोभाडं, हे सगळं एका मिनिटात आकाशात जाणार होतं. त्याचा आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तोच पैसा कमानीत घातलात तर हवा फुकट आहे आणि मोबदला तुमच्या हातच्या कामाचा आहे. मेन गेटला केशरी-पांढरी-हिरवी कमान, ध्वजस्तंभाभोवती झेंडूची रांगोळी, मुलांच्या कवायतीसाठी हातात धरायच्या कापडी तिरंगी पट्ट्या. त्या पट्ट्या एकदा शिवून घेतल्यात की १५ ऑगस्टला दुसऱ्या सोसायटीला भाड्याने देता येतील, आणि फुगा काही पुन्हा भाड्याने देता येत नाही. शिवाय २६ जानेवारीला ध्वज उघडताना त्यातून पाकळ्या पडतातच. त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावरून टोपल्याभर पाकळ्या उधळल्या तर "सगळे वर बघतील" ही जी कमिटीची इच्छा आहे, ती पुरी होते. दादरच्या फूलबाजारात पहाटे पाकळ्या किलोवर मिळतात. आकाशात सोडायचे कागदी कंदील मात्र कुणी सुचवले तर तेही नको. २०२०च्या पहिल्या रात्री जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात अशाच एका कंदिलाने माकडांचं घर पेटलं आणि तीसहून जास्त प्राणी जळाले.

कमानीचे फुगेही शेवटी कचराच आहेत, हे तुमची मुलगी लगेच दाखवून देईल, आणि ते बरोबर असेल. फरक एवढा की ते तुमच्या हाताखाली राहतात. कार्यक्रम संपला की तासाभरात कमान उतरवा, फुगे पिशवीतच फोडा, एकही रबराची चिंधी मैदानात राहू देऊ नका. लहान मुलं फुटक्या फुग्याचे तुकडे तोंडात घालतात आणि ते घशात अडकतात, तेही टळेल. "आवरून देणं आमच्याकडे" हे तुमच्या रेटकार्डवर लिहा आणि त्याचे पैसे लावा.

फोनवर काय म्हणायचं ते लिहून देते, पाहिजे तसं बदला. "काका, तुमच्या ऑर्डरवर मी अजून विचार केला. गॅसचे फुगे सोडले तर त्यातले काही खाडीत पडणार, आणि विमानतळ जवळ असल्याने पोलिसांची परवानगी लागू शकते, ती जबाबदारी तुमच्या कमिटीवर येईल. शिवाय २७ तारखेला केशरी-हिरव्या चिंध्या आपल्याच गटारात दिसल्या तर बरं दिसणार नाही. तेवढ्याच बजेटमध्ये मी तुम्हाला गेटची कमान आणि पाकळ्यांचा कार्यक्रम करून देते, फोटो त्याचेही चांगले येतील. नमुना उद्या पाठवू का?" माफी मागत बोलू नका. तुम्ही सहा वर्षं हे काम करता, त्यामुळे याबाबतीत जाणकार तुम्ही आहात, ते नाहीत.

ते अडून बसले तर? मग ॲडव्हान्स परत करा. हे लिहिताना मला तुमच्या घरातली ओढाताण दिसते आहे आणि हे सहज सांगत नाही. पण जे आता तुम्हाला माहीत आहे, ते माहीत असताना पाचशे गाठी बांधणं तुम्हाला जड जाईल, आणि शेजारी रिकामी जागा असेल, जिथे ती रिबनी कापायला बसायची.

आता तिच्याशी बोलणं. तुमच्या लेकीने तुम्हाला दोष दिला असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, तिने प्रश्न तुम्हाला विचारला कारण उत्तर तुमच्याकडेच असेल असं तिला वाटलं होतं. नंतरचं वाक्य तोडून बोलली, तेरा वर्षांची मुलं बोलतात. तुम्ही एवढंच म्हणा: "मला माहीत नव्हतं. पाकिटावर होतं तेच मी तुला सांगितलं. आता माहीत करून घेतलंय." लांबण लावू नका. त्यानंतर एक दिवस तुमची हिशोबाची वही तिच्यासमोर उघडा. फी ऐकवण्यासाठी नाही. सिलिंडरला किती गेले, रिबनीला किती, हाताखालच्या मुलींना किती, हातात किती राहिले, हे तिला दिसू द्या. आईच्या कामाला कचरा म्हणणं सोपं आहे, ते काम बदलायला काय काय लागतं हे तिलाही कळायला हवं. नव्या कमानीचा नमुना तिलाच काढायला सांगा.

आणि एक काम तिच्याकडे सोपवा. काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मूठभर मीठ घातलेलं. दोन्हीत तुमच्या पाकिटातला एकेक केशरी फुगा न फुगवता कापून टाका, आणि बोटभर रिबनही. झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची पैदास होईल. बरण्या गॅलरीत उन्हात ठेवा. दर महिन्याच्या २६ तारखेला तिने झाकण उघडून तो तुकडा चिमटीत धरून ताणून बघायचा आणि वहीत लिहायचं: रंग कसा, चिकट झाला का, तुटतो का. पुढच्या २६ जानेवारीला काय उरलं ते मला तिच्या अक्षरात कळवा, मी याच सदरात छापेन. बरणीवरची तारीखही तिलाच लिहू द्या.

तुमची,
ताई